तुमच्याकडं नाचवतं कोण?

संक्रांत जवळ आली की आमच्या कन्नमवारनगरातल्या महिला मंडळात एकच विषय असतो. यंदा वाण काय लुटायचं? प्लॅस्टिकचे डबे झाले, स्टीलच्या वाट्या झाल्या, कापडी पिशव्या तर तीन वर्षं लागोपाठ झाल्या. एकीनं सांगितलं, ‘‘माझ्याकडे सात चाळण्या आहेत, आता पीठ कमी नि चाळण्या जास्त!’’ सगळ्या हसलो. तेव्हा मीच उत्साहानं म्हटलं, ‘‘यंदा काहीतरी वेगळं देऊ या. जव्हारचे मुखवटे देऊ. छोटे छोटे, भिंतीवर लावायला. आदिवासी कलेला मदतही होईल.’’

कल्पना सगळ्यांना आवडली. जव्हारकडे माझं जाणं-येणं आहे म्हणून जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जणी तिथल्या बचत गटांच्या कामात थोडीफार मदत करतो. मदत म्हणजे काय, हिशेबाच्या वह्या लावून द्यायच्या, बँकेचे फॉर्म भरायचे, नाचणीचे पापड इकडे मुंबईत खपवायचे. मुंबईकरांना जव्हार माहीत झालं ते 1992 साली, वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी. तेव्हापासून आपल्या डोक्यात जव्हार-मोखाडा म्हणजे कुपोषण, असं समीकरणच बसलंय. तिथे आपल्याला देण्यासारखं काही असेल, हे फारसं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून तर मला वाटलं, मुखवट्यांच्या निमित्तानं दुसरी बाजूही दिसेल.

जव्हारजवळच्या एका पाड्यावर मुखवटे करणारं घर आहे. ओटीवर कागदाच्या लगद्याचे ओले मुखवटे उन्हात वाळत होते, रंग द्यायचे बाकी. मी ऐटीत ऑर्डर सांगितली. शंभर नग. आणि मग, सांगायला लाज वाटते, पण भाजीवाल्याकडे करावी तशी घासाघीससुद्धा केली. ‘‘शंभर घेतोय ना, मग जरा कमी करा की!’’ घरधनी काही बोलले नाहीत. त्यांची बायको सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, ‘‘ताई, शंभर सोंगं घेऊन चाललात, पण तुमच्याकडं नाचवतं कोण?’’

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती अगदी सहज, खरंच विचारत होती. मी म्हटलं, ‘‘नाचवायचे नाहीत हो, भिंतीवर लावायचेत.’’ ती ‘बरं’ म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. मग तिच्या नवऱ्यानं समजावलं. ‘‘विकायचं वेगळं आणि नाचवायचं वेगळं. विकायचं मी कितीही करून देतो. त्यावर आमचं पोट आहे. पण नाचवायचं सोंग ज्याच्या घरात मान आहे त्याच्याकडंच असतं. त्याची पूजा होते.’’

परतीच्या एसटीत तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. नाचवतं कोण?

आपल्या बोलण्यात मुखवटा हा शब्द कसा येतो बघा. ‘त्याचा मुखवटा गळून पडला’, ‘सभ्यतेचा मुखवटा घालून फिरतो’. सोंगाचं तर विचारूच नका. आजाराचं सोंग, झोपेचं सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण तर महिनाअखेरीला आपण प्रत्येक जण म्हणतोच! म्हणजे आपल्या लेखी मुखवटा म्हणजे खोटेपणा, खरा चेहरा लपवायची सोय. आणि तिकडे जव्हार-मोखाड्याला? तिथे सोंग घेणं हा मान आहे. अमक्या घराकडे नरसिंहाचं सोंग, तमक्या घराकडे रावणाचं. बापाकडून मुलाकडे येतं ते. शब्द तोच, पण किती उलटा अर्थ!

दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तिथला बोहाडा पाहिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा भागात आणि नाशिककडच्या आदिवासी गावांतही होळीनंतरच्या दिवसांत हा उत्सव होतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. वारली, कोकणा, महादेव कोळी आणि इतरही समाज त्यात असतात. काही रात्री तो चालतो आणि शेवटची रात्र मोठी. जगदंबेचा उत्सव हा. संबळ वाजायला लागतो, मशाली पेटतात आणि एकेक सोंग येतं. आधी गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती, पुढे रामायण-महाभारतातले देव नि राक्षस. कुणी पळत-ओरडत येत नाही. ठरावीक पावलं टाकत, संबळाच्या ठेक्यावर डुलत सोंग पुढे सरकतं. रावणाचा तो दहा तोंडांचा डोलारा अंगावर बांधून माणूस नाचतो, तेव्हा त्याची मान नि पाठ काय म्हणत असेल, त्याची त्यालाच माहीत! सगळ्यात शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांचं युद्ध. ते होईपर्यंत उजाडायला आलेलं असतं.

त्या रात्री एका देवीचं सोंग आलं. बाईचं सोंगही पुरुषच घेतात. लुगडं, दागिने, वर रंगवलेला मोठा मुखवटा. गर्दीतून एक बाई ताट घेऊन पुढे झाली. तिनं सोंगाला ओवाळलं आणि जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. माझ्या शेजारची कानाशी लागली, ‘‘तिचाच पोरगा आहे तो.’’ मी बघतच राहिले. सकाळी याच पोराला तिनं ‘उठ की मेल्या’ म्हणून हाका मारल्या असतील! नंतर मी तिला विचारलं, ‘‘मुलाच्या पाया कशा पडलात?’’ ती म्हणाली, ‘‘तेव्हा तो पोरगा कुठं असतो?’’

मैत्रिणींनो, हे ऐकून आपल्याला नवल वाटतं. पण खरं तर वाटायला नको. भाद्रपदात आपण काय करतो? आमच्याकडे उभ्या गौरी असतात. दोन मुखवटे, ज्येष्ठा नि कनिष्ठा. वर्षभर ते माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात. माळा आवरताना डबा हाताला लागला तर आपण फक्त ‘जपून गं’ म्हणतो. नमस्कारबिमस्कार काही नाही. आणि अनुराधा नक्षत्रावर तोच मुखवटा हळदी-कुंकवाच्या पावलांवरून घरात येतो, तेव्हा आपला आवाज बदलतो. तिला सगळं घर दाखवतो, स्वयंपाकघर, धान्याचे डबे, आणि हो, आता फ्रीजसुद्धा! दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य. मूळ नक्षत्रावर ती निघाली की घर सुनं सुनं होतं. चेहरा तोच, शाडूचा किंवा पितळेचा. फरक पडला तो आपल्यामुळे. आपण तिला आणली, साडी नेसवली, हाक मारली. गौरी आपल्यासारखी नाचत नसेल, पण तिला ‘नाचवणारे’ आपणच असतो. म्हणून तर गौरीचा मुखवटा कुणी हॉलमध्ये सोफ्याच्या वर खिळ्याला टांगत नाही.

मग दुसऱ्यांचे मुखवटे टांगताना मात्र आपला हात का अडखळत नाही?

आमच्याच इमारतीत एका घरी दारालगत, चपलांच्या रॅकच्या वर, एक आफ्रिकन मुखवटा आहे. त्यांच्या मुलानं नोकरीनिमित्त केनियाला गेला असताना नैरोबीच्या बाजारातून आणला. काळा, लांबुडका चेहरा, मिटल्यासारखे डोळे. बिल्डिंगमधली पोरं त्याला ‘भूत’ म्हणतात. त्या काकू सांगतात, ‘‘बरंय की, नजर लागत नाही!’’ मीही कित्येकदा हसलेय त्यावर. पण बोहाड्यानंतर मला कुतूहल वाटायला लागलं, ही माणसं कोण, ज्यांनी हे चेहरे घडवले? कॉलेज सुटल्यावर सुटलेली वाचनाची सवय पुन्हा कामाला आली. आफ्रिका म्हणजे काही एक गाव नव्हे. शेकडो समाज, प्रत्येकाचे मुखवटे वेगळे, कारणं वेगळी. त्यातल्या तीन गोष्टी मुद्दाम आपल्यासाठी म्हणून सांगते.

पहिली गेलेडेची. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजेरिया, बेनिन, टोगो या देशांत योरुबा लोकांचा हा विधी. सुगीनंतर, तसाच दुष्काळ किंवा साथीचा रोग आला की तो करतात. मुखवटे घालून नाचतात पुरुष, पण कुणासाठी? आईसाठी. आद्य मातेला आणि समाजातल्या थोर, वडीलधाऱ्या बायकांना मान द्यायचा, त्यांच्या शक्तीला प्रसन्न ठेवायचं, हा हेतू. 2001 साली युनेस्कोनं या परंपरेला मानवजातीचा अमूल्य वारसा म्हणून मान्यता दिली.

दुसरी गोष्ट इडिया राणीची. आजच्या नायजेरियात पूर्वी बेनिनचं राज्य होतं. सोळाव्या शतकात तिथल्या एसिगी राजाची ही आई. तिचा हस्तिदंती मुखवटा घडवला होता. तो तोंडावर लावायचा नव्हताच. आईच्या स्मरणाच्या विधीत राजा तो अंगावर मिरवायचा. म्हणजे मुलाच्या अंगावर आईचा चेहरा! 1897 साली इंग्रजांनी बेनिनवर स्वारी केली, राजवाडा लुटला आणि तो मुखवटा लंडनला गेला. 1977 साली नायजेरियानं मोठा आफ्रिकी कला महोत्सव भरवला आणि इडियाचा चेहरा त्याचं बोधचिन्ह केलं. मूळ मुखवटा निदान तेवढ्यापुरता तरी द्या, अशी मागणी केली. ब्रिटिश म्युझियमनं तो दिला नाही. आईचं चित्र छापायचं, पण आई मात्र परक्याच्या काचेच्या कपाटात. आपली गौर कुणी नेऊन असं ठेवली तर? आता वारे थोडे बदलतायत. 2022 मध्ये जर्मनीनं बेनिनच्या काही वस्तू नायजेरियाला परत केल्या.

तिसरी गोष्ट सिएरा लिओनची. जगात बहुतेक ठिकाणी मुखवटा घालतात पुरुष. पण मेंडे लोकांत ‘सांडे’ नावाची बायकांची मंडळी असते आणि तिथे बायकाच मुखवटा घालून नाचतात. काळाभोर, तुकतुकीत, लाकडी मुखवटा. घडवतो पुरुष, घालते बाई. रुंद कपाळ, कोरीव केशरचना, मानेला वळ्या आणि तोंड लहानसं, मिटलेलं. थोडं बोलावं, संयमानं वागावं, आतली गोष्ट आत ठेवावी, असा त्याचा अर्थ. वयात येणाऱ्या मुलींना ही मंडळी मोठेपणाची शिकवण देते.

हे वाचून मला आधी फार आनंद झाला. वाटलं, बघा, बायकांच्या हातात मुखवटा आहे! पण पुढचं वाचलं आणि हात थांबला. याच सांडेच्या दीक्षेत मुलींच्या गुप्तांगाचा छेद करण्याची प्रथाही आहे. ते मिटलेलं तोंड मग मला वेगळंच दिसायला लागलं. संयम म्हणायचं, की गप्प बसवणं? मात्र त्याच देशातल्या काही बायका आता म्हणतायत की दीक्षा राहू दे, नाच राहू दे, मुखवटा राहू दे, पण रक्त नको. मला ही वाट फार मोलाची वाटते. त्यांनी मुखवटा फेकला नाही, आणि मुखवट्याच्या नावाखाली सगळंच गोड मानूनही घेतलं नाही.

आपण लगेच म्हणू, ‘बाई गं, काय भयंकर!’ म्हणावंच. पण मग जरा आपल्या उंबऱ्याकडेही बघावं.

सासरे गेले त्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे गौरी दरवर्षी माझ्या सासूबाई आणायच्या. तीस वर्षं तरी आणल्या असतील. त्या वर्षी सुतक होतं, गौरी बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी दाराशी त्यांनी मुखवटा असलेलं ताम्हन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘‘आता तू.’’ आणि स्वयंपाकघरात जाऊन वाटली डाळ करायला बसल्या. मी नवीन साडीच्या नादात गौर आणली, पावलं काढली, सगळं केलं. त्यांच्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. तीस वर्षं जिनं त्या चेहऱ्याला हाक मारली, तिचा हक्क एका दिवसात गेला आणि घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मी समाजकार्य करणारी!

पुढे चार-पाच वर्षांनी मला सुचलं. म्हटलं, ‘‘आई, यंदा गौर तुम्ही आणा.’’ त्या चक्क रागावल्या. ‘‘तुझ्या मीटिंगा बाहेर ठेव. लोक काय म्हणतील?’’ मी हट्ट धरला. शेवटी तडजोड झाली. उंबऱ्यावरून आणायला त्या तयार झाल्या नाहीत त्या नाहीतच, पण साडी त्यांनी नेसवली, मुखवटा त्यांनी बसवला, काजळ त्यांनी घातलं. नथ नीट बसेना, तेव्हा पुटपुटल्या, ‘‘थांब गं जरा, हलू नको.’’ गौरीला म्हणाल्या की मला, कोण जाणे! त्यानंतर दरवर्षी साडी त्याच नेसवतात. उंबरा अजून बाकी आहे.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. शासनानंही लगेच परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. चांगलं झालं. पण परिपत्रक काही गौरीचं ताम्हन कुणाच्या हातात देत नाही. ते आपल्यालाच द्यावं लागतं.

तर आमच्या वाणाचं काय झालं? मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तो प्रश्न सगळ्यांपुढे ठेवला. एक-दोघींनी नाक मुरडलं. ‘‘एवढं काय त्यात, शोपीसच तर आहे!’’ त्यांचंही खोटं नाही. विकायचा मुखवटा करणाऱ्यानं तो विकायलाच केलाय. आपण घेतला नाही तर त्याचं नुकसान. घेऊ नका, असं मी मुळीच म्हणत नाही. पण घेताना तीन गोष्टी कराव्यात, असं ठरलं. एक, घासाघीस नाही. ते सांगतील तो भाव. त्यामुळे शंभराऐवजी साठच नग आले आणि तीळगुळाच्या वड्या आम्ही घरी केल्या. दुसरं, प्रत्येक मुखवट्याबरोबर एक चिठ्ठी द्यायची, की हा बोहाड्यातला कोण, त्याची कथा काय. आणि तिसरं, हळदी-कुंकवाला आमच्या चाळी-इमारतींमधल्या सगळ्या बायकांना बोलवायचं. सगळ्या म्हणजे सगळ्या.

तिसऱ्यावरून वाद झाला, हे लपवत नाही. दोन जणी आल्याच नाहीत. ज्यांच्यासाठी आग्रह धरला त्यांतल्याही काही जणी संकोचानं आल्या नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या एक आजी कुंकू लावू देईनात. मग त्यांना नुसतं अत्तर लावलं, तीळगूळ दिला आणि हातात वाण दिलं. सरस्वतीचा मुखवटा होता. चिठ्ठी त्यांनी नातवाकडून वाचून घेतली.

मार्चमध्ये पैसे पोचवायला पाड्यावर गेले तेव्हा मी त्या बाईला हे सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘तुमच्याकडचं सांगितलंत. आमच्याकडं तरी नाचवणारे कुठं राहिलेत?’’ दिवाळी झाली की त्यांच्याकडची माणसं वीटभट्टीवर नाही तर इमारतींच्या कामावर निघतात. पूर्वी होळीला हमखास परत यायची. तिचा थोरला मुलगा कुठेतरी मुंबईत टॉवरच्या कामावर आहे. मुकादमानं उचल दिलीय, काम पुरं झाल्याशिवाय सुट्टी नाही. त्याच्या वाट्याचं सोंग यंदा चुलतभावानं घेतलं.

विक्रोळीत आमच्या खिडकीतून सध्या चार टॉवर उठताना दिसतात. रात्री वरच्या मजल्यावर दिवा असतो, माणसं दिसत नाहीत, नुसते पिवळे हेल्मेट हलतात. तो मुलगा त्यांतलाच आहे की दुसरीकडे कुठे, मला माहीत नाही. पण आता तिकडे बघितलं की वाटतं, यांतल्या कुणाच्या घरी कुणाचा मान असेल? नरसिंहाचा? जगदंबेचा? आपण त्यांचा मुखवटा भिंतीवर लावतो आणि त्याला नाचवणारा माणूस मात्र आपल्याच भिंती बांधतोय, सुट्टी न मिळता.

तुमच्या घरी असा एखादा मुखवटा असेल, जव्हारचा असो की आफ्रिकेचा, तर काढून टाकू नका. फक्त पाहुण्यांनी ‘छान आहे, कुठून घेतलात?’ असं विचारलं, की किंमत सांगायच्या आधी तो कुणाचा आहे, ते सांगा. आणि येत्या भाद्रपदात माळ्यावरचा डबा खाली काढाल, तेव्हा घरातल्या कुणाचे हात त्यापासून लांब ठेवलेत, तेही एकदा बघा.